परीक्षा पुढे गेली, पॅटर्न बदलला... डोकं जागेवर कसं ठेवायचं?

शनिपारची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

२८ सप्टेंबर २०२५ ची एमपीएससीची (महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची) राज्यसेवा पूर्व परीक्षा पूरपरिस्थितीमुळे ऐन दोन दिवस आधी पुढे गेली आणि ९ नोव्हेंबरवर आली. २०२४ ची पूर्व २८ एप्रिलपासून सरकत २५ ऑगस्टपर्यंत आली आणि तिथून उचलून १ डिसेंबरवर ठेवली. त्याआधी २०२० ची, ५ एप्रिलला व्हायची ती, २१ मार्च २०२१ ला झाली. मुख्य परीक्षा बहुपर्यायीची वर्णनात्मक झाली ते वेगळंच. आणि हे फक्त पुण्याच्या पेठेतल्या एमपीएससीवाल्यांपुरतं नाही. जून २०२४ मध्ये यूजीसी-नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झाली आणि दुसऱ्या दिवशी रद्द झाली. त्याच आठवड्यात नीट-पीजी (वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाची) आदल्या रात्री पुढे ढकलली.

अशा वेळी जो तो सांगतो, "मानसिकता बदला." बरं, बदलू. पण सोमवारी सकाळी सहाला उठून नेमकं काय करायचं? कोणत्या वहीत काय लिहायचं, काय थांबवायचं, काय चालू ठेवायचं? जाणकारांनी तपशिलात लिहावं.

"सकारात्मक राहा" छाप प्रतिसाद नकोत. त्यांचे फलक शास्त्री रोडवर भरपूर आहेत.

---

गवती_चहा

पहिला नंबर! सकारात्मक राहा.

(पळा...)

---

कातरवेळ

पहिल्या तीन दिवसांपुरतं लिहिते, कारण नुकसान तिथेच होतं.

परीक्षा तोंडावर असताना शरीर आठवडाभर ताणलेलं असतं. तारीख हलली की तो ताण एकदम सुटतो, आणि मग येते ती मरगळ. मुलं तिला "माझी इच्छाच गेली" असं नाव देतात आणि घाबरतात. इच्छा गेलेली नसते. ताण उतरतोय, एवढंच. तो उतरायला दोन दिवस लागतात, ते हिशोबात धरूनच द्यायचे.

पहिला दिवस: अभ्यास नाही. उठण्याची वेळ मात्र हलवायची नाही. रात्री कितीही वाजता झोपलात तरी रोजच्याच वेळेला उठायचं. झोपेचं घड्याळ उठण्याच्या वेळेला बांधलेलं असतं. सकाळी दहापर्यंत लोळलात की त्या रात्री झोप येत नाही, आणि चार दिवसांत रात्रीचा दिवस होतो.

दुसरा दिवस: हाताची कामं. कपडे, खोली, सुट्या कागदांची विषयवार लावालाव.

तिसरा दिवस: नवीन प्रकरण उघडायचं नाही. मागच्या एखाद्या वर्षाचा पूर्ण पेपर, परीक्षेच्याच वेळेला, घड्याळ लावून. गुण गौण आहेत. त्यातून जी चुकांची यादी निघते तीच पुढची योजना. मरगळलेल्या माणसाला "काय वाचू?" हा प्रश्न सर्वांत जड जातो, आणि यादी हातात असली की तो प्रश्नच उरत नाही.

या तीन दिवसांत हमखास होणाऱ्या चुका: अप्पा बळवंत चौकात (पुण्याचा पुस्तकबाजार, तोंडी नाव एबीसी) जाऊन त्याच विषयाचं तिसरं पुस्तक आणणं, चालू टेस्ट सिरीज सोडून दुसरी लावणं, आणि सगळी पुस्तकं बॅगेत कोंबून "दोन दिवस" गावी जाणं. गावी जरूर जा, पण बॅगेत एकच वही ठेवा. चौदा किलो पुस्तकं नेऊन एकही उघडली नाही की परतताना अपराधी भाव सोबत येतो, आणि त्याचं वजन जास्त असतं.

---

भागाकार

वेळापत्रक तारखेला बांधलं की तारखेबरोबर तेही कोसळतं. म्हणून ते फेऱ्यांना बांधावं.

एक फेरी १४ दिवसांची. १० दिवस उजळणी, २ दिवस पूर्ण पेपर, १ दिवस फक्त चुकांची दुरुस्ती, १ दिवस मोकळा. आता गंमत बघा. २८ सप्टेंबर ते ९ नोव्हेंबर हे ४२ दिवस, म्हणजे बरोबर ३ फेऱ्या. २५ ऑगस्ट ते १ डिसेंबर २०२४ हे ९८ दिवस, म्हणजे ७ फेऱ्या. तारीख पुढे गेली की फेऱ्या वाढवायच्या, चालू फेरी ताणायची नाही. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. दहा दिवसांत होणारी राज्यघटना "आता वेळ आहे" म्हणून पंचवीस दिवस चालते. पंचविसाव्या दिवशी पहिल्या दिवसाचं काही आठवत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

एबिंगहाऊसने विसरण्याचा आलेख १८८५ मध्ये मांडला. त्यातली कामाची गोष्ट अशी की विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होतं, नंतर मंदावतं. त्यामुळे एकदा वाचलेलं दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग दहाव्या दिवशी पुस्तक मिटून आठवायचं. पुन्हा वाचायचं नाही, आठवायचं. नाही आठवलं तेवढंच उघडून बघायचं.

आणखी एक. अभ्यासाचे दोन ढीग करा. टिकाऊ: घटना, भूगोल, इतिहास, गणित-बुद्धिमत्ता. नाशवंत: चालू घडामोडी. तारीख पुढे गेल्याने टिकाऊ ढीग वाया जात नाही, मुरतो. वाढतो तो फक्त नाशवंत ढीग, तोही जेवढे आठवडे पुढे गेले तेवढ्याच आठवड्यांचा. "सगळं पुन्हा करावं लागणार" ही भीती कागदावर मांडली की सहा आठवड्यांच्या बातम्यांएवढी उरते.

---

बोळातला_पिंपळ

भागाकार, वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

उंबरठा

माफ करा, पण मला या धाग्याचा पायाच पटत नाही.

"मानसिकता बदला" याचा सरळ अर्थ असा की चूक यंत्रणेची आणि दुरुस्ती विद्यार्थ्याची. तारीख पाच वेळा बदलणाऱ्याने काय बदलायचं, ते कुणी विचारत नाही. आणि ही जी "वाढीची मानसिकता" (ग्रोथ माइंडसेट, प्रयत्नाने क्षमता वाढते हा विश्वास) शिबिरं भरतात त्यांचा पुरावा तरी केवढा? २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा परिणाम किरकोळच निघाला. बाकी विक्री जोरात आहे.

विद्यार्थी रस्त्यावर आले म्हणूनच गोष्टी हलल्या. वर्णनात्मक पॅटर्न २०२३ पासूनच लागू होणार होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यात अलका चौकात मुलं बसली, मग तो २०२५ वर गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवा पूर्व आणि बँकांची आयबीपीएस एकाच दिवशी आली, शास्त्री रोडवर मुलं बसली, मग तारीख हलली. जुळवून घेत बसले असते तर?

---

गवती_चहा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मसाला कमी आहे.

---

कातरवेळ

@उंबरठा, निम्मं मान्य. शिबिरांबद्दल तर पूर्ण मान्य.

फक्त त्या संशोधनाचा पुढचा भागही बघा. २०१९ मध्ये अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवर मोठा प्रयोग झाला. तासाभराहून कमी वेळाचं ऑनलाइन सत्र दिलं. मागे पडलेल्या मुलांच्या सरासरीत फरक पडला तो साधारण ०.१ ग्रेड पॉइंटचा. छोटाच. पण तो टिकला कुठे, तर ज्या शाळांत सोबतची मुलं अवघड काम अंगावर घेत होती तिथे. म्हणजे मानसिकता ही एकट्याच्या कवटीत राहणारी वस्तू नाही, शेजारच्या टेबलावर काय चाललंय त्यावर ती ठरते.

यातून व्यवहारात निघतं ते एवढंच: भिंतीवर वाक्यं चिकटवण्यापेक्षा अभ्यासिकेतली जागा बदला. तारीख हलल्यावर चहाच्या टपरीवर दोन-दोन तास "आता काही खरं नाही" म्हणणारा गट आणि तिसऱ्या दिवशी पेपर लावून बसणारा गट, दोन्ही एकाच मजल्यावर असतात. आपली खुर्ची कुठे, एवढंच ठरवायचं.

---

मुठेकाठी

आंदोलन की अभ्यास, हा झगडा लटका आहे. दोन्ही करणारे नीट करतात, फक्त त्यांची वाटणी ठरलेली असते.

मागणी एका पानात. वर जाहिरात क्रमांक, मग नेमकी अडचण (कोणत्या दोन परीक्षा, कोणती तारीख, किती जणांचे दोन्ही अर्ज आहेत त्यांची यादी), मग एकच मागणी. पाच मागण्या घातल्या की सोपी तेवढी मान्य होते आणि उरलेल्या चार वाऱ्यावर. निवेदन देणारे चौघे, बाकीच्यांनी सह्या करून टेबलावर परतायचं. पाळ्या लावायच्या, कारण रोज तेच चौघे गेले की नापासही तेच चौघे होतात.

आंदोलनाच्या जागी बसून मोबाईलवर "काय ठरलं?" हे दर तीन मिनिटांनी बघणं म्हणजे आंदोलनही नव्हे आणि अभ्यासही नव्हे. अधिकृत माहिती आयोगाच्या संकेतस्थळावरच्या प्रसिद्धिपत्रकात येते. टेलिग्रामवर फिरणाऱ्या पत्रकात तीन गोष्टी बघा: जाहिरात क्रमांक आणि परीक्षेचं पूर्ण नाव जुळतं का, पत्रकावर तारीख आहे का, आणि तेच पत्रक संकेतस्थळावर आहे का. तिसरी नसेल तर पहिल्या दोन असूनही ते बनावट समजा. दिवसातून दोनदा बघायचं, दुपारी जेवल्यावर आणि रात्री आठला. मधल्या वेळात जग बुडालं तर शेजारचा सांगेलच.

---

उंबरठा

वाटणीचा मुद्दा पटला. शिबिरांवरचा राग कायम आहे.

---

शाईचा_डाग

तारखांवर बरंच झालं, पॅटर्नवर कुणीच बोललं नाही. खरी उलथापालथ तिथे आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधीची मुख्य परीक्षा: सहा पेपर, ८०० गुण, बहुतांश बहुपर्यायी, वर १०० ची मुलाखत. आताची: नऊ पेपर. मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी ३००, दोन्ही फक्त पात्रतेसाठी, २५ टक्के हवेत. निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०, वैकल्पिक विषयाचे दोन प्रत्येकी २५०. म्हणजे गुणवत्तेला धरले जाणारे १७५०, मुलाखत २७५, एकूण २०२५. (लागूही २०२५ पासून. आकड्यांची हौस दांडगी.)

यात डोक्याचं नेमकं काय बदलायचं? बहुपर्यायीला तयार झालेलं डोकं चूक शोधतं. चार वाक्यं समोर, त्यातलं कोणतं खोटं, इथे ते तेज चालतं. कोरा कागद दिला की तेच डोकं थबकतं, कारण त्याला खोडायला काही दिलेलंच नाही. मुलं याला "माझा अभ्यास कच्चा आहे" म्हणतात आणि पुन्हा वाचत बसतात. अभ्यास पक्का असतो, पण तो दुसऱ्याच आकारात साठवलेला असतो.

उदाहरण घ्या. राज्यपाल. बहुपर्यायीसाठी पाठ असतं: नेमणूक अनुच्छेद १५५, क्षमादान १६१, अध्यादेश २१३. आता प्रश्न आला, "राज्यपालांच्या स्वेच्छाधिकारांची चिकित्सक चर्चा करा." वरच्या तीन आकड्यांतला एकही थेट कामाचा नाही. इथे लागतो अनुच्छेद १६३, लागतो १९९४ चा बोम्मई निकाल (बहुमताची परीक्षा राजभवनात नाही, सभागृहात), लागतात केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आणि पुंछी आयोगांच्या शिफारशी, आणि शेवटी स्वतःचं एक मत. तेव्हा जुन्या नोट्स फेकू नका. प्रत्येक पानाच्या उजव्या बाजूला दोन बोटं समास सोडा आणि प्रत्येक तथ्यासमोर लिहा: "मग काय?" अध्यादेश २१३, मग काय? विधिमंडळ टाळण्याची पळवाट होऊ शकते. हे दोन ओळींत. दिवसाला दहा तथ्यं, जास्त नकोत.

आता हात. केंद्राच्या (यूपीएससीच्या) परीक्षेतला सामान्य अध्ययनाच्या पेपरचा साचा धरा: १० गुणांचे १० प्रश्न प्रत्येकी १५० शब्द, १५ गुणांचे १० प्रश्न प्रत्येकी २५० शब्द. एकूण ४००० शब्द, १८० मिनिटं. १० गुणांना ७ मिनिटं, १५ गुणांना ११ मिनिटं, ७० अधिक ११० म्हणजे बरोबर १८०. विचार करायला वेगळा वेळ धरलेलाच नाही. मिनिटाला २२ शब्द, तेही तीन तास. आज दहा मिनिटं घड्याळ लावून लिहा आणि शब्द मोजा. सतत गोळे काळे करणाऱ्या हाताला हा वेग जड जातो.

हात वाढवण्याची रीत: पहिल्या आठवड्यात रोज २ उत्तरं, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात ६, चौथ्यात आठवड्यातून एक अर्धा पेपर, दीड तासाचा. पहिल्याच दिवशी पूर्ण पेपर लिहिणाऱ्याचा अंगठ्याचा बुंधा दुखतो आणि मग पंधरा दिवस पेन हातात धरवत नाही. पेन घट्ट आवळू नका. कोपर टेबलावर टेकलं पाहिजे, खांदा उचललेला राहिला तर मानेपर्यंत कळ जाते. अभ्यासिकांमध्ये दोन फळ्यांच्या मधल्या अरुंद कप्प्यात लिहायला कोपराला जागाच नसते. वाचनाला कप्पा ठीक, लिखाणाला मोकळं टेबल गाठा.

तपासणी एकमेकांची करा, वेगळ्या रंगाने, आणि फक्त तीन प्रश्न विचारा. क्रियापद पाळलं का? ("स्पष्ट करा" आणि "मूल्यमापन करा" यांना एकच उत्तर चालत नाही.) पहिल्या दोन ओळींत उत्तर सुरू झालं की नुसती पाद्यपूजा? एक तरी ठोस दाखला आहे का? अक्षर, अलंकार वगैरे नंतर.

---

बोळातला_पिंपळ

"नुसती पाद्यपूजा" __/\__

---

कसब्यातली_मावशी

शाईचा_डाग, एक शंका. "शेवटी स्वतःचं मत" म्हणता, पण मुलं तिथेच अडतात. बहुपर्यायीत मत चुकतं, म्हणून मत द्यायचीच भीती बसलेली असते.

---

शाईचा_डाग

बरोबर पकडलंत मावशी. उपाय साधा आहे. मत म्हणजे निकाल नव्हे. "अ मुळे फायदा, ब मुळे धोका, म्हणून क अट घालून हे चालावं", एवढ्या एका वाक्याचा सराव करायचा. रोज वर्तमानपत्रातली एक बातमी घ्या आणि हे एकच वाक्य लिहा. एकवीस दिवसांनी मागचं पान काढून स्वतःचंच मत खोडून बघा. खोडता आलं तर उत्तम, दुसरी बाजू फुकटात तयार झाली.

---

शून्य_श्रेयांक

अवांतर: धागा पूर्णच स्पर्धा परीक्षांकडे गेला. नवीन शैक्षणिक धोरणातली पदवीची मुलं काही कमी गोंधळात नाहीत. चार वर्षांची पदवी, मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), मधेच बाहेर पडायची सोय. त्यांना कॉलेजात सांगतात, "एबीसीला खातं काढा."

---

गवती_चहा

मुलं मग अप्पा बळवंत चौकात जात असतील.

---

शून्य_श्रेयांक

हसा. पण एबीसी म्हणजे श्रेयांकांची (क्रेडिट्सची) बँक हे माहीत नसल्याने गोंधळ होतो हे खरंच. वर्षाला साधारण ४० श्रेयांक. एका वर्षानंतर बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोननंतर पदविका, तीननंतर पदवी, चारनंतर ऑनर्स. खात्यातले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. त्यामुळे घरी अडचण आली, आजारपण आलं, तर "वर्ष वाया गेलं" हे वाक्य पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. मात्र दर सत्रानंतर खात्यात श्रेयांक दिसतात का हे स्वतः बघायचं. नावात एक काना-मात्रा वेगळी असली तरी नोंद अडकू शकते. आधार, बारावीचं गुणपत्रक आणि कॉलेजची नोंद, तिन्हीकडे नाव अक्षरशः सारखं हवं. ते तिसऱ्या वर्षाला सापडण्यापेक्षा पहिल्या सत्रात सापडलेलं बरं.

---

डब्याचा_हिशोब

मानसिकतेच्या गप्पांत पैसा कुणी काढला नाही. पुण्यात बाहेरगावच्या मुलाचं डोकं फिरतं ते निम्मं महिन्याच्या पाच तारखेला.

तारीख पुढे गेली की त्याच दिवशी हा हिशोब कागदावर करा. समजा कॉट, मेस, अभ्यासिका आणि किरकोळ मिळून महिना ९,०००. ४२ दिवस पुढे म्हणजे १२,६०० रुपये. ९८ दिवस पुढे म्हणजे २९,४००. हा आकडा तोंडाने घरी सांगायला जड जातो म्हणून मुलं सांगत नाहीत, मग दर महिन्याला "थोडे पाठवा" असा फोन जातो. एकदाच पूर्ण आकडा सांगितलेला दोन्हीकडे सोपा पडतो. आकडा सांगितल्यावर काय बंद करता येईल तेही सांगता येतं.

कुठे वाचतं: मेसचे पैसे सहामाही न भरता महिन्याने भरा. सलग किती दिवस गेल्यावर खाडे धरतात हे आधी विचारा. काही ठिकाणी तीन दिवस सलग असल्याशिवाय खाडा धरत नाहीत. आणि तो आदल्या दिवशी सांगावा लागतो, परत आल्यावर नाही. कॉट सोडायची तर नोटीस किती दिवसांची आणि डिपॉझिटमधून काय कापणार हे लिहून घ्या. कुठे अजिबात वाचवू नये: रात्रीचं जेवण आणि चष्म्याचा नंबर.

---

कसब्यातली_मावशी

पूर्वी पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवायची. सात वार, सात घरं. एका घरी सुतक आलं किंवा यजमान गावाला गेले तर एक दिवस उपास पडायचा, आठवडा नाही. माधुकरी मागून शिकणाऱ्यांचं तसंच, एका दारावर भिस्त नाही. १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं तेव्हा या फिरण्याला जरा विसावा मिळाला. हे आठवलं एवढ्यासाठी की आताची मुलं साती वार एकाच घरी लावतात. एकच परीक्षा, एकच तारीख. ते दार बंद झालं की आठवडाभर उपास.

---

भागाकार

मावशी, जिंकलंत.

तेच जरा कोरडेपणाने: दुसरं दार आधीच ठरवावं, आणि ते मनात नको, कागदावर हवं. मानसशास्त्रात याला जर-तर योजना म्हणतात. पीटर गोल्विट्झरने १९९९ मध्ये ते नीट मांडलं. "मी प्रयत्न करेन" पेक्षा "जर अमुक झालं तर मी तमुक करेन" हे जास्त पाळलं जातं, कारण ऐनवेळी ठरवायचं काही उरत नाही. नमुने:

जर पूर्व परीक्षा ६० दिवसांपेक्षा जास्त पुढे गेली, तर दुसऱ्याच दिवशी वैकल्पिक विषय उघडेन.
जर दोन परीक्षा एका दिवशी आल्या, तर कोणती देणार हे आजच लिहिलेलं आहे: ____.
जर सलग दोन वर्षं पूर्वच निघाली नाही, तर अमुक महिन्यापासून नोकरीचे अर्ज, अभ्यास सकाळी तीन तास.

शेवटचं वाक्य लिहायला सर्वांत अवघड. एमपीएससीत वयोमर्यादा खुल्याला ३८, मागासवर्गाला ४३, त्यामुळे "अजून वेळ आहे" हे बराच काळ खरंच वाटत राहतं. नियमही हलतात. डिसेंबर २०२० मध्ये खुल्या गटाला सहा संधींची मर्यादा जाहीर झाली आणि पुढे मागेही घेतली गेली. आयोगाच्या मर्यादेवर आयुष्य टांगू नका, आपली मर्यादा आपण लिहा, तीही डोकं शांत असताना. निकालाच्या दिवशी लिहिलेली जर-तर योजना म्हणजे रागाच्या भरात केलेलं मृत्युपत्र.

---

सीनाकाठ

पुराचा उल्लेख सुरुवातीला एका ओळीत आला आणि गेला. ज्यांची परीक्षा पुरामुळे पुढे गेली त्यातल्या अनेकांच्या घरातच पाणी होतं. त्यांना "४२ दिवस म्हणजे ३ फेऱ्या" हे लागू होत नाही, हे लिहायला हवं.

अशा मुलाने पहिला आठवडा अभ्यास मोजूच नये. पंचनाम्यात नाव, गट नंबर, खाते क्रमांक नीट लागलेत का हे बघणारा घरात तोच एक असतो, ते काम त्यालाच करू द्या. भिजलेली कागदपत्रं उन्हात टाकू नयेत, शाई उडते आणि कागद वाकतो. सावलीत, पंख्याखाली, दोन कोऱ्या कागदांमध्ये. चिकटलेली पानं ओढू नयेत. दहावी-बारावीची गुणपत्रकं डिजिलॉकरवर मिळतात, त्यामुळे आधी ती उतरवून घ्या. दुय्यम प्रतीसाठी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज, तो सावकाश. नॉन-क्रिमीलेयरला मुदत असते, म्हणून त्याची तारीख आधी तपासा. जातपडताळणी, अधिवास त्यानंतर.

पुण्यात परतल्यावर निम्म्या फेरीने सुरुवात: सात दिवस, त्यात पाच उजळणी, एक पेपर, एक मोकळा. सोबतच्यांनी "किती झालं?" विचारू नये. आपल्या नोट्सच्या झेरॉक्स न मागता द्याव्यात.

---

शनिपारची

@सीनाकाठ, बरं झालं लिहिलंत. माझ्याकडून ते एका ओळीत उरकलं गेलं होतं, मान्य.

---

भागाकार

@सीनाकाठ, बरोबर. माझा हिशोब कोरड्या जमिनीवरचा होता.

---

कातरवेळ

एक राहिलं. मरगळ दोन-तीन दिवसांची असते असं वर लिहिलं. दोन आठवडे झोप नाही, जेवण सुटलंय, मित्रांचे फोन उचलणं बंद, वस्तू वाटून टाकणं, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" अशी वाक्यं, ही मरगळ नव्हे. तिथे वेळापत्रक, फेऱ्या वगैरे बाजूला. टेली-मानस १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. खोलीतल्या मित्राने स्वतः नंबर लावून फोन हातात द्यावा, "कर बरं का" म्हणून निघून जाऊ नये.

---

मुठेकाठी

+१. आणि हा नंबर अभ्यासिकेच्या दारावर लावा. तिथे आता "चपला ओळीत काढाव्यात" आणि "मोठ्याने बोलू नये" एवढंच असतं.

---

उंबरठा

"दुपारी १ ते ४ निराश होऊ नये" हेही लावतील.

---

शनिपारची

खूपच हाताशी लागलं, मंडळी. एक बारीक प्रश्न उरला. भागाकारांच्या फेरीत जो एक मोकळा दिवस आहे, तो नेमका कधी ठेवावा? मुलं म्हणतात पेपरच्या दुसऱ्या दिवशी. मला वाटतं त्या दिवशी चुका ताज्या असतात.

---

भागाकार

पेपरच्या दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच. ती शिळी झाली की "हे येत होतं मला" असं वाटून सुटते. मोकळा दिवस त्यानंतरचा. फेरी सोमवारी सुरू केली तर तो आपोआप दुसऱ्या रविवारी येतो.

---

डब्याचा_हिशोब

रविवारच बरा. दुपारी मेसला फीस्ट असते आणि संध्याकाळी मेस बंद.

---

गवती_चहा

म्हणजे संध्याकाळी मिसळ. या एका मुद्द्यावर तरी पॅटर्न बदलू नका.

---

कसब्यातली_मावशी

संध्याकाळी मिसळ? पुण्यात?

---

शाईचा_डाग

झालं. आता हा धागा शंभरी गाठणार.